उत्तर चिनी हॉटेलात मटण खाताना

आपल्या गाडीवरच्या ‘चायनीज’वर वाढलेला माणूस बीजिंगमध्ये किंवा न्यू यॉर्कच्या फ्लशिंगमध्ये उत्तर चिनी जेवणाच्या हॉटेलात शिरला, की मेनूकार्ड बघून गोंधळतो. मांचुरियनचा मागमूस नसतो, भात शेवटच्या पानावर कुठेतरी कोपऱ्यात असतो आणि मटणाची यादी मात्र संपता संपत नाही. मग तो ओळखीचं काही शोधतो, ‘क्युमिन लँब’ दिसलं की सुटकेचा निःश्वास टाकतो आणि तेवढंच खाऊन परत येतो. ते वाईट नसतंच. पण पंगतीला जाऊन नुसत्या पापडावर भूक भागवावी, तसलाच हा प्रकार.

एक गोष्ट आधी समजून घेतली तर पुढचं सोपं जातं. आपल्याकडे मटण ताटात येतं तेव्हा त्याचं सगळं ठरून गेलेलं असतं. वाटण, तिखट, मीठ, किती मुरवायचं, किती शिजवायचं, हे सगळं करणाऱ्याच्या हातचं. उत्तर चीनमधल्या मटणाच्या बऱ्याच पदार्थांत शेवटचा हात खाणाऱ्याचा असतो. मांस कच्चं समोर येतं आणि तुम्ही ते उकळत्या पाण्यात फिरवता. चटणी तुम्ही कालवता. रोटीचे तुकडे तुम्ही करता. हे ठाऊक नसलेला माणूस ‘अळणी आहे’ म्हणून नावं ठेवतो आणि उठतो. त्यात आचाऱ्याचा दोष थोडा आणि खाणाऱ्याच्या हाताचा जास्त असतो.

हा मुलूख गव्हाचा आणि मेंढरांचा. चीनच्या भिंतीपलीकडे मंगोलियाची गवताळ कुरणं, पश्चिमेला निंगश्या, गान्सू आणि शिनजियांग. तिथून शेकडो वर्षं मेंढरांचे कळप बीजिंगकडे येत राहिले. चीनवर मंगोलांचं राज्य होतं तेव्हा, 1330 साली, हू स्स-हुई नावाच्या दरबारी आहारतज्ज्ञानं बादशहाला पथ्यपाण्याचं एक पुस्तक सादर केलं. त्यातल्या पाककृतींमध्ये जिकडे तिकडे मेंढीच आहे. पुढे मटणाचा धंदा आणि त्याची पाककला मुख्यतः हुई मुसलमानांच्या हातात राहिली, आणि आजही उत्तरेतलं उत्तम मटण बहुधा त्यांच्याच हॉटेलांत मिळतं.

अशा हॉटेलावर ‘छिंग-चन’ अशी दोन चिनी अक्षरं असतात. अर्थ हलाल. पूर्वी शेजारी अरबी अक्षरंही असायची, पण अलीकडे बऱ्याच ठिकाणी ती काढून टाकली गेली आहेत, म्हणून त्यांच्या भरवशावर राहू नका. चिनी अक्षरांचा फोटो फोनमध्ये ठेवा आणि पाटीशी ताडून बघा. छिंग-चन हॉटेलात डुकराचं मांस मिळत नाही, आणि बाहेरून आणलेलं तसलं काही तिथे उघडू नये. गोमांस मात्र हमखास असतं. आपल्यातल्या अनेकांना ते चालत नाही, तेव्हा तीन शब्द घोकून ठेवा: ‘यांग-रौ’ म्हणजे मटण, ‘न्यू-रौ’ म्हणजे गोमांस आणि ‘चू-रौ’ म्हणजे डुकराचं. ‘पू-याव’ म्हणजे नको. ‘पू-याव न्यू-रौ’ एवढं म्हटलं की अर्धं काम होतं. उरलेलं अर्धं काम रश्श्याचं, त्याकडे पुढे येऊ. (चिनी उच्चार इथे कानाला लागतात तसे लिहिले आहेत, बीजिंगचा वेटर त्यांना हसेल, पण समजून घेईल.)

आणखी एक खुलासा. भारतात मटण म्हणजे बहुतेक ठिकाणी बोकड. चिनी भाषेत ‘यांग’ म्हणजे मेंढी आणि बकरी दोन्ही, पण बीजिंगच्या हॉटेलात ‘यांग-रौ’ म्हणून येतं ते जवळजवळ नेहमी मेंढीचंच असतं. आपल्याकडे ज्या घरांत बोल्हाई पाळतात आणि बोकड खात नाहीत, त्यांना इथे एरवीपेक्षा सोपं जाईल. तरी खात्री हवी असेल तर ‘म्येन-यांग’ का, असं विचारायचं. ‘शान-यांग’ म्हटलं तर ती बकरी. मेंढीच्या चरबीला एक वास असतो, तो नाकाला नवा वाटतो. तो वास चरबीतच असतो आणि जनावर जितकं जून तितका उग्र. उत्तर चिनी आचाऱ्यानं योजलेली प्रत्येक जोडी, म्हणजे व्हिनेगर, कच्चा लसूण, जिरं, कांद्याची जाड पात, ही त्या वासाला ताब्यात ठेवण्यासाठीच आहे. म्हणून ताटाशेजारी ठेवलेल्या लसणाच्या पाकळ्या शोभेच्या समजू नका. निंगश्या-शिनजियांगकडे उकडलेल्या मटणाचा एक घास आणि कच्च्या लसणाचा एक चावा, असंच खातात.

आता मुख्य गोष्ट. बीजिंगमध्ये एकच संध्याकाळ हाती असेल तर ती ‘श्वान-यांग-रौ’ला द्या. टेबलाच्या मधोमध तांब्याचं भांडं येतं, त्याच्या पोटातून धुराडं वर गेलेलं, आत पेटते कोळसे, भोवतीच्या कड्यात पाणी. आजीच्या घरचा तांब्याचा बंब ज्यांनी पाहिला आहे त्यांना रचना वेगळी समजावून सांगायला नको. पाणी म्हणजे खरोखर पाणीच: आल्याचे चार काप, पातीचे तुकडे, एखादं खजुरासारखं लाल फळ, कधी चिमूटभर सुकट. इथे आपला माणूस पहिल्यांदा निराश होतो. त्याला तिखट लाल रस्सा हवा असतो. तो सेचुआनचा प्रकार, आणि त्या लाल रश्श्यात बहुधा गाईची चरबी असते हेही लक्षात असू द्या. उत्तरेचं साधं पाणी हे कंजुषीचं लक्षण नव्हे. मांस चांगलं असेल तरच ते साध्या पाण्यात खपतं. वाईट असेल तर पहिल्या घासाला उघडं पडतं. मला तर वाटतं, ही मटणाची सगळ्यात कडक परीक्षा आहे.

या पदार्थाचं सगळ्यात प्रसिद्ध घर म्हणजे तोंग-लाय-श्वुन. तिंग आडनावाच्या एका हुई माणसानं 1903 मध्ये बीजिंगच्या तोंग-आन बाजारात ते साध्या खाण्याच्या गाडीपासून सुरू केलं, पुढे मटणाची सुरी चालवणारे चांगले कारागीर मिळवले आणि नाव कमावलं. मांसाचे काप इतके पातळ की खालच्या बशीवरची नक्षी आरपार दिसावी, ही तिथली जुनी ख्याती. आज त्याच्या शाखा चीनभर आहेत, आणि सगळ्या शाखांचा दर्जा सारखा असेल अशी अपेक्षा ठेवू नये. बीजिंगचे खवय्ये तुम्हाला न्यू-च्ये या जुन्या हुई वस्तीत पाठवतील. तिथे च्यू-पाव-युआनसमोरची रांग बघून पोटात गोळा येतो. संध्याकाळी पाचच्या आत पोहोचा किंवा दुपारच्या आडवेळेला जा.

मांस मागवताना मेनूत दोन जाती दिसतील. एक गोठवलेल्या मांसाची यंत्रावर कापलेली गुंडाळी, स्वस्त, दिसायला देखणी. दुसरं हातानं कापलेलं ताजं मांस, त्याला ‘शौ-छ्ये’ म्हणतात. पैसे थोडे जास्त पडले तरी हातानं कापलेलं घ्या. त्याची एक गमतीची परीक्षा बीजिंगमध्ये करतात: बशी उभी धरली तरी काप घसरत नाहीत, बशीला चिकटून राहतात. गोठवलेल्या मांसाचं पाणी सुटतं म्हणून ते घसरतं. वेटर स्वतःच ही करामत करून दाखवतो. गुंडाळ्यांनी पाण्यावर फेसही फार येतो. आलाच तर पळीनं काढून टाका.

भागांची नावं वाचून घाबरू नका, दोन पुरे. ‘शांग-नाव’ हा मानेमागचा भाग, त्यात चरबीच्या बारीक रेषा, तोंडात लोण्यासारखा. ‘ह्वांग-क्वा-थ्याव’ हा मागच्या पायाचा, काकडीसारखा लांबट, जवळजवळ निव्वळ मांस, थोडा चिवट पण चवीला जास्त खोल. चार माणसांत दोन्हींच्या एकेक बश्या मागवून सुरुवात करा. मेंढीच्या शेपटीच्या चरबीची छोटी बशीही मिळते. बीजिंगचे लोक ती सगळ्यात आधी पाण्यात सोडतात, त्यामुळे पाण्याला तवंग येतो आणि मागून येणारं मांस कोरडं पडत नाही.

मग चटणी. इथे खाणाऱ्याची खरी कसोटी लागते. वाटीत मुख्य ऐवज भाजलेल्या तिळाच्या दाट लगद्याचा. त्यात गुलाबी खारवलेल्या टोफूचा रस थोडा, आणि लसणाच्या पातीच्या जातीची एक भाजी असते तिच्या फुलांची खारट हिरवी चटणी त्याहून थोडी. वर कोथिंबीर, पात, हवं असेल तर मिरचीचं तेल. काही हॉटेलं सगळं कालवूनच देतात, काही ठिकाणी सुट्या वाट्या मांडलेल्या असतात आणि पाहुणा आपल्या हौसेनं त्यात सोया सॉस, व्हिनेगर, शेंगदाण्याचं कूट, दोन चमचे लसूण असं सगळं ओततो. त्याचा परिणाम एकच, मटणाची चव गायब. टोफूचा रस आणि फुलांची चटणी दोन्ही मिठानं भरलेली असतात, म्हणून सोया सॉस घालण्याआधी चाखून बघा; बहुधा लागत नाही. तीळ घट्ट वाटला तर एक चमचा गरम पाणी घालून एकाच दिशेनं ढवळा.

पाणी खळखळून उकळू लागल्याशिवाय मांस टाकायचं नाही. टाकायचं म्हणजे बशी उपडी करायची, असंही नाही. चॉपस्टिकनं एक-दोन काप धरायचे, पाण्यात हलवत ठेवायचे, आणि गुलाबी रंग जाऊन राखाडी पांढरा आला की काढायचे. पातळ कापाला दहा-पंधरा सेकंद पुरतात. सगळं एकदम ओतलं तर पाणी थंड पडतं, मांस उकळण्याऐवजी कोमट पाण्यात भिजत बसतं आणि त्याचं रबर होतं. ज्यांना मांस पूर्ण शिजलेलंच हवं, गरोदर बायका किंवा लहान मुलं, त्यांच्यासाठी अर्धा-पाऊण मिनिट जास्त ठेवा. थोडं चिवट झालं तरी चालेल. कच्च्या मांसाच्या चॉपस्टिक आणि खायच्या चॉपस्टिक वेगळ्या ठेवल्या तर उत्तम. मागितल्या की मिळतात.

सोबत गोड-आंबट मुरवलेला लसूण येतो, अख्खे गड्डे. एकेक पाकळी सोलून मधूनमधून खायची. तो लोणच्याचं काम करतो. मांस आटोपत आलं की मग कोबी, गोठवलेला सच्छिद्र टोफू आणि मुगाच्या शेवया त्याच पाण्यात. आधी भाज्या टाकणारा माणूस बीजिंगच्या मंडळींत अडाणी ठरतो, आणि त्याला कारणही आहे: मांसानं पाण्याला दिलेली चव भाज्यांनी घ्यायची, उलट नव्हे. शेवटी तीळ लावलेली पदर सुटलेली शाव-पिंग रोटी. काही जण उरलेल्या चटणीत गरम रस्सा ओतून तो पितात, करून बघा.

कोळशाच्या भांड्याचं एक सांगायला हवं. धुराड्यावर छोटी टोपी असते, ती ठेवली की आच मंदावते आणि काढली की भडकते. पण हे वेटरला करू द्या. बंद खोलीत कोळसा असेल तर खिडकीजवळचं टेबल मागा. डोकं जड वाटलं तर लगेच बाहेर जा, जेवणापेक्षा ते महत्त्वाचं. मंडळींत कुणी शाकाहारी असेल तर एका भांड्यात सगळ्यांची सोय होणार नाही. एकेकट्यासाठी छोटी भांडी देणारी हॉटेलं शोधा, आणि त्या भांड्यात सुकट घालू नका असं आधी सांगा.

बीजिंगहून शीआनला गेलात तर तिथे मटणाची दुसरीच तऱ्हा. ‘यांग-रौ फाव-मो’ म्हणजे मटणाच्या रश्श्यात शिजवलेले रोटीचे तुकडे. तुम्ही बसता, तुमच्यासमोर एक मोठा रिकामा वाडगा आणि एक-दोन जाड, गोल, पांढऱ्या रोट्या ठेवल्या जातात, आणि वेटर निघून जातो. नवखा माणूस वाट बघत बसतो, जेवण कधी येणार म्हणून. ते येणारच नाही, कारण आता पाळी तुमची. रोटीचे तुकडे करून वाडगा भरायचा, मग वेटर वाडग्याला नंबराचा बिल्ला लावून आत नेतो, आणि आचारी तुमचे तुकडे रश्श्यात, मटणासोबत, मोठ्या आचेवर शिजवून परत पाठवतो.

भाकरी कुस्करायचा आपला हात इथे आड येतो. आपण कुस्करतो ती रस्सा ओतून लगेच खायला, म्हणून मोठे तुकडे चालतात. इथली रोटी जवळजवळ बिनखमिराची, घट्ट, आणि ती पुन्हा शिजायची असते. तुकडा सोयाबीनच्या दाण्याएवढा हवा. आधी रोटी आडवी फाडून दोन पदर करा, मग चार, मग चिमटीनं तोडत जा. पिळू नका आणि चुरा करू नका. शीआनचे म्हातारे अर्धा तास गप्पा मारत हे करतात; ज्यांना घाई आहे त्यांच्यासाठी यंत्रानं कापलेले तुकडेही मिळतात, पण मग तिथे जाण्यातली निम्मी गंमत गेली. शिवाय, तुकडे बघून आचारी खाणारा जाणकार आहे की पर्यटक हे ओळखतो आणि त्याप्रमाणे हात चालवतो, असं तिथे सांगतात.

वाडगा आत जाण्याआधी रस्सा किती हवा ते सांगायचं असतं. ‘कान-फाव’ म्हणजे सगळा रस्सा तुकड्यांत मुरलेला, वाडग्यात थेंब नाही. ‘खौ-थांग’ म्हणजे शेवटी एक घोट उरावा इतका. ‘श्वेइ-वेइ-छंग’ म्हणजे मध्ये तुकड्यांचा ढीग आणि भोवती रस्सा. पहिल्यांदा खाणाऱ्यानं ‘खौ-थांग’ सांगावं. आलेला वाडगा ढवळू नका, हे महत्त्वाचं. एका कडेनं खात आत जायचं, म्हणजे उरलेलं गरम राहतं आणि लगदा होत नाही. लाल मिरचीची चटणी बाजूला घेऊन घासागणिक लावा. मुरवलेला लसूण इथेही असतोच. शहरातली जुनी नावं म्हणजे लाव-सुन-च्या आणि थोंग-शंग-श्यांग. पण हुई वस्तीतल्या गल्ल्यांतली छोटी दुकानंही कमी नाहीत, आणि मी तरी तीच निवडेन. मुख्य पर्यटक रस्ता सोडून आतल्या गल्लीत शिरा, जिथे टेबलावर स्थानिक म्हातारे दिसतील तिथे.

गोमांस न खाणाऱ्यांनी मात्र इथे सावध राहायचं. हेच पदार्थ याच दुकानांत गोमांसाचेही होतात, आणि अनेक ठिकाणी रस्सा दोन्हींच्या हाडांचा मिळून केलेला असतो. वर मटण आहे म्हणजे खाली मेंढीचाच रस्सा, असं धरून चालू नका. स्पष्ट विचारा, आणि शंका उरली तर दुसरं काही घ्या. याच भागात ‘श्वेइ-फन यांग-रौ’ नावाचा साधा पदार्थ मिळतो, पातळ स्वच्छ रस्सा, मटणाचे मोठे काप आणि रोटी वेगळी. सकाळच्या वेळी तो फाव-मोपेक्षा हलका पडतो.

परतलेल्या मटणाचं शास्त्र निराळं. तिथे खाणाऱ्याचं काम एकच, वाट न बघणं. ‘त्सोंग-पाव यांग-रौ’ म्हणजे शांतुंगची जाड गोडसर पात आणि मटणाचे काप भडक आचेवर मिनिट-दोन मिनिटांत उलटसुलट केलेले, शेवटी कढईच्या कडेनं व्हिनेगरची धार. हे टेबलावर येताच खायचं. फोटो काढेपर्यंत पात पाणी सोडते. बशीच्या तळाशी पाण्याचं तळं दिसलं तर समजा आच कमी होती, आणि त्या हॉटेलातले बाकीचे परतलेले पदार्थ मागवू नका.

‘त्झ-रान यांग-रौ’, म्हणजे तेच क्युमिन लँब, आपल्या जिभेला सर्वांत लवकर पटतं, कारण जिरं आणि सुकी लाल मिरची. हा स्वाद शिनजियांगकडून आला. पदार्थ कोरडा असतो, म्हणून भातावर घेऊन रस्सा शोधू नका. शाव-पिंग किंवा नान फाडून त्यात भरून खा. न्यू यॉर्कच्या फ्लशिंगमध्ये 2005 मध्ये एका तळघरातल्या गाळ्यात सुरू झालेल्या ‘शीआन फेमस फूड्स’नं हेच मटण हातानं ओढलेल्या रुंद नूडल्सवर घालून अमेरिकेत लोकप्रिय केलं, तिकडे राहणाऱ्यांनी सुरुवात तिथून करायला हरकत नाही. मेनूत ‘था-स्स-मी’ दिसलं तर आधीच सांगून ठेवतो, ते गोड असतं. मधासारखं गोड मटण. दरबारी पदार्थ म्हणून त्याचं कौतुक फार, पण चार जणांत एक बशी चाखायला पुरे.

शिगांचं मटण, ‘यांग-रौ छ्वार’, नगावर मागवायचं, दहा-वीसच्या हिशेबानं. शिगेवर मांस आणि चरबी आलटून-पालटून ओवलेली असते. चरबीचा तुकडा काढून टाकणारे पुष्कळ भेटतात, आणि मग म्हणतात मांस कोरडं आहे. दोन्ही एका घासात घ्या. यकृत आणि वृक्काच्या शिगाही छान होतात, फक्त ‘याव-त्झ’ म्हणजे वृक्क आणि ‘वाय-याव’ म्हणजे वृषण, हा फरक ऑर्डरआधी लक्षात ठेवा. अंधारातल्या कुठल्याही गाडीवर फार स्वस्त शिगा दिसल्या तर पुढे चला. 2013 च्या मे महिन्यात कोल्हा, मिंक आणि उंदराचं मांस मटण म्हणून विकणारी टोळी पकडल्याचं चीनच्या सार्वजनिक सुरक्षा मंत्रालयानंच जाहीर केलं होतं. गर्दीचं, छिंग-चन पाटीचं दुकान बरं. बीजिंगमध्ये मोठ्या तव्यावर पात-कोथिंबिरीसोबत भाजलेलं मटण खायचं असेल तर श-छा-हाय तळ्याकाठचं खाव-रौ-ची हे 1848 पासूनचं ठिकाण मटणासाठी ओळखलं जातं. त्याचं जोडीचं जुनं नाव खाव-रौ-वान, ते गोमांसासाठी प्रसिद्ध.

ज्यांना नळी आणि वजडी प्रिय, त्यांच्यासाठी बीजिंगमध्ये दोन पदार्थ राखून ठेवलेले आहेत. ‘यांग-श्ये-त्झ’ म्हणजे मेंढीचा पाठीचा कणा, मणक्यांसकट तुकडे करून सोया आणि खड्या मसाल्यांत तासन्‌तास शिजवलेला. आकार विंचवासारखा म्हणून नाव तसलं. विंचू त्यात नसतो. प्लास्टिकचे हातमोजे देतात, कधी मज्जा ओढायला नळीही. मोजे घाला, चॉपस्टिक बाजूला ठेवा आणि लाजू नका, शेजारच्या टेबलावरही हेच चाललेलं असतं. मणका सांध्यात पिळला की सुटतो. मांस संपलं की खालची शेगडी पेटवून त्याच रश्श्यात भाज्या आणि नूडल्स शिजवता येतात, आणि सपाटून भूक लागलेल्या चार जणांचं जेवण माफक पैशांत होतं. मोठा ग्रुप, थंडीची रात्र आणि कमी पैसे असतील तर माझी पसंती याला.

वजडीचा प्रकार ‘पाव-तू’. आपण वजडी तासभर शिजवतो, तिथे ती काही सेकंद उकळत्या पाण्यात बुडवून लगेच ताटात येते आणि तिळाच्या चटणीत बुडवून खातात. तिच्या वेगवेगळ्या पदरांना वेगवेगळी नावं आणि वेगवेगळे दर. ‘तू-रन’ सगळ्यात महाग, पांढरी, मऊ, कुरकुरीत. ‘सान-तान’ म्हणजे पानापानांची, जरा जास्त चावावी लागणारी. नवख्यानं दोन्हींच्या छोट्या बश्या घ्याव्यात. आली की ताबडतोब खा, पाच मिनिटांनी चपलेचं कातडं.

मटणाच्या वाफाळत्या डंपलिंगांबद्दल जास्त सांगायला नको, ती कुणालाही आवडतात. गाजर घातलेली किंवा पातीची मागवा, काळ्या व्हिनेगरमध्ये बुडवा. मोजमाप ‘ल्यांग’मध्ये, एक ल्यांग म्हणजे 50 ग्रॅम, आणि ते वजन पिठाचं धरतात, एका ल्यांगला साधारण पाच-सहा येतात. पहिला चावा जपून, आत रस्सा असतो.

चिनी वैद्यकातही मटण उष्णच मानतात, म्हणून त्याचा खरा हंगाम हिवाळा. ऑगस्टच्या सुरुवातीला पंचांगातला शरद लागला की बीजिंगचे लोक ‘शरदाची चरबी’ चढवायला मटणाकडे वळतात, आणि थंडीत हॉटेलांचे काचेचे दरवाजे वाफेनं धुरकटतात. जुलैच्या उन्हाळ्यात गेलात तर तांब्याच्या भांड्याचा हट्ट सोडा. थंड मटणाचे काप घ्या. 1775 पासून सोयात शिजवलेलं मटण विकणाऱ्या युए-शंग-चायचं ते वजनावर मिळतं. सोबत ठेचलेल्या काकडीची कोशिंबीर आणि बर्फ घातलेलं आंबट प्लमचं सरबत.

ऑर्डर करताना पद्धती मिसळा, पदार्थांची संख्या वाढवू नका. चार माणसांना एक उकळतं भांडं, एक परतलेला प्रकार, एक थंड भाजी आणि रोट्या पुरतात. तांब्याचं भांडं आणि यांग-श्ये-त्झ एकाच रात्री मागवणं म्हणजे पोटावर अन्याय. भात आधी हवा असेल तर आधीच सांगावं लागतं, नाही तर तो सगळ्यात शेवटी येतो. कच्च्या मांसाच्या बश्या दोन-दोन करून मागवा, कारण टेबलावर आलेलं कच्चं मांस परत घेत नाहीत आणि घरी नेण्यातही अर्थ नसतो. शिजलेलं उरलं तर ‘ता-पाव’ म्हणा, डबा आणून देतात. क्युमिन लँबचं उरलेलं दुसऱ्या दिवशी तव्यावर गरम करून रोटीत भरलं तर नाश्ता होतो. त्सोंग-पाव मात्र बांधून नेऊ नका, ते तिथेच संपवा.